राघो गिरणीवाल्याचं गाऱ्हाणं

राघो मांडवकरला हळू बोलता येत नसे. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सव्वीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढलेला माणूस कुजबुजणार तरी कसा? मीरा रोडला सिल्व्हर पार्कात, शिवकृपा सोसायटीच्या तळमजल्यावर त्याचा गाळा होता. सकाळी आठला पट्टा फिरायला लागला की दुपारी दीडपर्यंत आणि पुन्हा चारनंतर तिथं ओरडूनच बोलावं लागे, आणि घरी गेल्यावरही त्याचा आवाज काही खाली उतरत नसे. बायको आशा म्हणायची, "अहो, मीठ मागताय की मोर्चा काढताय?" राघो ओशाळून हसायचा आणि पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं म्हणायचा, "मीठ!"

आणि तरीही अख्ख्या बिल्डिंगची गुपितं याच माणसाकडे जमा होती. कारण सोपं होतं. गिरणी चालू असताना बोललेलं दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जात नाही. दळणाचा डबा खाली ठेवता ठेवता बाई राघोच्या कानाशी तोंड न्यायची आणि मनात साचलेलं भडाभडा बोलून टाकायची. सासू काय म्हणाली, पोरगा कुणाबरोबर फिरतो, सोनोग्राफीत काय निघालं. राघोला निम्मं ऐकू येई आणि उरलेलं चेहरा बघून कळे. तो मान हलवायचा, पीठ चिमटीत घेऊन बघायचा, बारीक हवं की जाडसर ते विचारायचा. एकीचं दुसरीला त्यानं कधी सांगितलं नाही.

हे शहाणपण आलं कुठून असं कुणी विचारलं तर तो भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायचा. पिठानं ते इतकं पांढरं झालेलं असे की गणपती शोधावाच लागे. "बाप्पाकडं बघायचं," राघो सांगायचा. "कान बघा. सूप आहे ते, सूप! सगळं सुपात घ्यायचं, पाखडायचं, दाणा ठेवायचा, फोल उडवायचं. आणि तोंड कुठंय? सोंडेखाली झाकलेलं. ऐकून झालं की तोंड बंद. आणि पोट एवढं मोठं कशाला? मोदकाला नाही काय, लोकांचं पोटात ठेवायला." दळणाला आलेली पोरं मुद्दाम विचारायची, "आणि उंदीर, काका?" उंदराशी येऊन राघोचं तत्त्वज्ञान लंगडं पडायचं, कारण गव्हाची गोणी दर आठवड्याला कुरतडली जात होती. "उंदराचं बाप्पा बघून घेईल," असं म्हणून तो पिंजऱ्यात सुकं खोबरं अडकवायला वळायचा.

राघो मूळचा संगमेश्वरकडचा. त्याचे वडील वाडीतले मानकरी होते. देवळात, शिमग्याला, गणपतीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं देवाशी केलेलं बोलणं. हातात नारळ धरायचा, देवासमोर उभं राहायचं आणि गावात कुणाचं काय अडलंय ते मोठ्यानं सांगायचं. एकेक मागणं झालं की मागं उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" वडिलांनी राघोला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, देवाशी गोलमोल बोलायचं नाही. नाव घ्यायचं, अडचण सांगायची, नाहीतर देवानं शोधायचं कुठं? आणि दुसरी, गाऱ्हाण्यात जे ऐकलं ते देवाच्या समोरच ठेवून घरी जायचं. कुणाची गाय आटली, कुणाची लेक परत आली, हे देवळात सगळ्यांनी ऐकलेलं असे, पण बाहेर पाणवठ्यावर कुणी त्याचा उच्चार करत नसे.

मुंबईला येऊन गिरणीत हमाली केली, मग गिरणी चालवायला शिकला, मग मीरा रोडला दलदलीत बिल्डिंगा उठत होत्या तेव्हा कसाबसा हा गाळा आणि दुसऱ्या मजल्यावरची एक खोली-किचन घेतली. शिवकृपात गणपती बसायला लागला तेव्हा पहिल्या वर्षी आरती झाली, प्रसाद वाटायची वेळ आली आणि राघोला राहवेना. "गाऱ्हाणं कोण घालणार?" त्यानं विचारलं. कुणाला काही कळेना. मग यानंच नारळ उचलला. त्या दिवसापासून दरवर्षी पहिल्या दिवशी एक आणि पाचव्या दिवशी विसर्जनाआधी एक, अशी दोन गाऱ्हाणी ठरूनच गेली. रायगडवाल्यांना ते घरचंच वाटलं. बाकीच्यांनाही त्यातला ठेका आवडला. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन तर पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी "होय महाराजा" म्हणायच्या.

दोन हजार सातच्या जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा बाबाजी पाष्टे भर सकाळी अकरा वाजता गिरणीत आला. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात तो अठरा वर्षं पॉवर प्रेस चालवत होता आणि त्या वेळी तो तिथंच असायला हवा होता. राघोच्या कानाशी येऊन तो म्हणाला, "दादा, मालकानं सगळं वापीला हलवलं. आम्हाला हिशेब देऊन मोकळं केलं."

"घरी सांगितलंस?"

"सांगणार. दुसरं मिळालं की सांगतो."

राघोनं मान हलवली. ऐकलं आणि पोटात ठेवलं. त्या दिवसापासून बाबाजी रोज नेहमीच्या वेळी बाहेर पडे, नवघरपासून गोडदेवपर्यंत गाळे पालथे घाली, कुठं कुणी बेचाळीस वर्षांच्या माणसाला नको म्हणे, कुठं अर्ध्या पगारात या म्हणे. अकरा-साडेअकराला तो गिरणीच्या मागच्या दारानं आत येई, गोण्यांवर बसून डबा खाई आणि मग राघोला चाळणीला हात लावू लागे. संध्याकाळी सहाला अंगावरचं पीठ झटकून घरी जाई.

एकदा तर मोठाच घोळ झाला असता. बाबाजी मागं डबा खात बसलेला असताना त्याची बायको सुलू दळण घेऊन दारात उभी राहिली. बाबाजी तांदळाच्या चक्कीमागं असा काही वाकला की वरच्या पिठाचा लोट सगळा त्याच्या डोक्यावर आला. सुलूला काही दिसलं नाही. ती राघोच्या कानाशी येऊन म्हणाली, "हे फार राबतायत हो दादा. रोज ओव्हरटाइम. घरी आले की एक शब्द बोलत नाहीत, झोपतात. मिनलची बारावी आहे ना, त्यासाठी चाललंय सगळं." राघोनं तिच्याकडे बघितलं नाही. "बारीक की जाडसर?" त्यानं विचारलं.

ती गेल्यावर दोघं पुरुष एकमेकांची नजर चुकवत राहिले. राघोला वाटलं, काहीतरी बोलावं. पण कॅलेंडरवरच्या देवाचं तोंड सोंडेखाली होतं. म्हणून तोही गप्प राहिला. माणसाला गप्प बसायला कारण हवं असलं की ते देवाच्या अंगावरही सापडतं, हे आपलं माझं मत.

सप्टेंबर आला. गणपतीच्या आदल्या दिवशी बाबाजी कानाशी येऊन म्हणाला, "दादा, उद्या गाऱ्हाण्यात माझंपण बघ जरा."

आता इथं काय झालं ते नीट सांगायला हवं. बाबाजीच्या मनात होतं की राघो देवाला मनातल्या मनात दोन शब्द सांगेल, किंवा सगळ्यांना सुखी ठेव म्हणताना आपली आठवण काढील. राघोच्या डोक्यात मात्र गावचा रिवाज होता. गावात माणूस आधी घरात सांगतो, मग भावकीत, आणि सगळीकडून हात टेकले की मग गाऱ्हाण्यात घालायला सांगतो. बाबाजी आता देवाला सांग म्हणतोय, म्हणजे सुलूला सांगून झालंच असणार. राघोला उलट बरं वाटलं. चला, पोराच्या मनावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवात पन्नास-साठ माणसं होती. आरत्या संपल्या. राघोनं नारळ घेतला, डोळे मिटले आणि गिरणीवर मात करणाऱ्या त्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा गनराया म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी गोला झाली हायत. कोन रत्नांग्रीचा, कोन रायगडचा, कोन गुजरातचा. सगल्यांची चाकरी मान करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागण्यांत आधी चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या समिधाची बँकेची परीक्षा झाली. मग राघोचा आवाज आणखी चढला, कारण मागणं आता मनापासूनचं होतं.

"नि तिसऱ्या माल्याव तुजा लेकरू बाबाजी पाष्टे. त्याचा कारखाना बंद झाला म्हाराजा! तीन म्हयनं झाले, हाताला काम न्हाय. डबा घेवन भायेर पडतो नि माज्या गिरनीत येवन बसतो. त्याच्या हाताला काम दे, त्याची लाज राख म्हाराजा!"

मागून आवाज आला, पण तो एकट्या हंसाबेनचा. "होय महाराजा!" बाकी कुणी बोललं नाही. राघोनं डोळे उघडले. मांडवाच्या तोंडाशी सुलू मोदकांचं ताट घेऊन उभी होती. ती नुकतीच वरून उतरली होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ताट खाली ठेवलं, एकही मोदक सांडला नाही, आणि ती जिना चढून वर गेली. बाबाजी कुंपणाच्या बाजूनं बाहेर रस्त्यावर निघून गेला. राघो नारळ धरून उभा राहिला. उरलेलं गाऱ्हाणं कसं संपवलं ते त्याला नंतर आठवेना.

घरी आल्यावर आशानं पाणी दिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?" तिनं विचारलं.

"त्यानंच," राघो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज शेजारच्या घरात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवून टाकलं. तोंड उघडलं हीच चूक. यापुढं गाऱ्हाणं बंद. नारळ दुसऱ्या कुणीही धरावा. गिरणीत बायका कानाशी आल्या तर तो मागं सरकायचा आणि वजनकाट्याकडे बघत बसायचा. आणि गावचा तो दुसरा नियम इथं कुणाला ठाऊकच नव्हता. जिन्यात, दुधाच्या सेंटरवर, नळाशी, सगळीकडे बाबाजीचाच विषय. कीव करणारे जास्त होते, पण कीव काय कमी बोचते?

तिसऱ्या दिवशी सकाळी सुलू गिरणीत आली. हातात डबा नव्हता. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं बटण खाली ओढलं. पट्टा कण्हत कण्हत थांबला. दळणाला आलेल्या दोघीतिघी बाया आपोआप बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, माझी चूक झाली," राघो म्हणाला. "मी बोलायला नको होतं."

"बोललात त्याचं काही नाही," सुलू म्हणाली. "बोलला नाहीत त्याचं बोला."

राघोला कळेना.

"तीन महिने दादा. मी पाचला उठून डबा भरत होते. तो कुठं उघडतो ते तुम्हाला ठाऊक होतं. मी इथं येऊन तुम्हाला सांगत होते, हे किती राबतात म्हणून. त्या दिवशी ते मागंच होते ना?"

राघोनं मान हलवली.

"आणि तुम्ही मला बारीक की जाडसर विचारलंत."

राघोनं कोपऱ्यातलं स्टूल पुढं केलं, पण ती बसली नाही.

"पोरांना सांगता ना, बाप्पाचं पोट मोठं आहे म्हणून? तो देव आहे. त्याच्या पोटात काही सडत नाही. माणसाच्या पोटात सडतं. यांचं बघा काय झालंय. त्या रात्रीपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. काल संध्याकाळी तेवढे उठले ते एसटीचं तिकीट काढून आले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गावी जातो म्हणतात, एकटे. खोली विक, तुझ्या भावाकडे राहा, मला तोंड दाखवायला जागा नाही म्हणतात. गेले तर ते परत येणार नाहीत दादा. मी ओळखते त्यांना." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही देवाला सांगायला उभे राहिलात. चांगलं केलंत. पण तो पाटावर बसलाय, त्याला उठून कुणाच्या घरी जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर यायला काय झालं होतं तुम्हाला?"

ती गेली. राघो बराच वेळ बंद गिरणीत बसून राहिला. बाहेरच्या बायांनी आत डोकावून बघितलं आणि डबे तिथंच ठेवून त्या घरी गेल्या. आजवर आपण किती जणांचं ऐकलं, याचा राघोला फार अभिमान होता. पण ऐकून झाल्यावर आपण कुणासाठी उठलो का? एकही प्रसंग त्याला आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज गाऱ्हाण्याच्या दिवशीच्या लाजेपेक्षा जड होती.

संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. दार मिनलनं उघडलं. बाबाजी आतल्या खोलीत गादीवर बसला होता. कोपऱ्यात कपडे भरलेली पिशवी होती.

"बाबाजी," राघोनं हळू बोलायचा प्रयत्न केला. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला.

"दादा, हळू."

"हळूच बोलतोय रे."

बाबाजीला हसू आलं, मग त्या हसण्याचाच राग आला. "कशाला आलास?"

"माफी मागायला. त्या दिवशीची नाही. तीन महिन्यांची. पहिल्याच दिवशी तुझा हात धरून तुला वर आणायला हवं होतं. मी तुला गोण्यांवर बसायला जागा दिली आणि मला वाटलं, मोठा दोस्तीला जागलो."

बाबाजी पिशवीकडे बघत म्हणाला, "नोकरी गेली त्याचं नाही रे दादा एवढं. मी रोज तिच्यासमोर खोटं बोलून निघत होतो. पहिल्या दिवशी जमलं नाही सांगायला. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही सांगितलं म्हणून विचारील. मग पंधरा दिवस झाले. मग तर कसं सांगणार? आता जिन्यात कुणी भेटलं की मीच मागं फिरतो."

एरवी इथं राघोनं गणपतीचा एखादा अवयव काढला असता. या वेळी त्याला एकही आठवला नाही, आणि ते बरंच झालं. सुलूनं चहा आणून ठेवला. दोघांनी तो प्यायला. निघताना राघो म्हणाला, "परवा नारळ मी धरीन. तुझं नाव घेणार नाही. घ्यायचं असलं तर तू घे, नाही घेतलंस तरी चालेल. पण खाली ये. चोरासारखा जाऊ नको."

पाचव्या दिवशी दुपारी चारला विसर्जनाची तयारी झाली. टेम्पो दारात येऊन थांबला होता, ढोलवाली पोरं पट्टे आवळत होती, गणपती जेसल पार्कच्या खाडीवर जायचा होता. उत्तरपूजा झाली आणि राघोनं नारळ उचलला. म्हाताऱ्याचा गुडघा झाला, समिधाची परीक्षा झाली, चुकलंमाकलं पोटात घालायचं मागणं झालं. तिसऱ्या मजल्याशी येऊन तो थांबला. मांडवात कुणी हललं नाही. त्याला वाटलं, बाबाजी आलेला नाही. आता आवरतं घ्यावं.

तेवढ्यात जिन्याच्या बाजूनं आवाज आला. "देवा..."

बाबाजी शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याच्या मागं सुलू आणि मिनल.

"मला दादासारखं बोलता येत नाही," बाबाजी म्हणाला. तो देवाकडे बघत होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "माझी नोकरी गेलीय. अठरा साल पॉवर प्रेस चालवला. तीन महिने घरी खोटं बोललो, रोज. उद्या पळून जाणार होतो गावाला. मला काम पाहिजे. स्टीलचं काम येतं, पॉलिशचं पण थोडं येतं. दुसरं काही असेल तर शिकेन. बस. एवढंच."

त्यानं शेवटी "महाराजा" म्हटलंच नाही. त्यामुळे लोकांना कळेना की गाऱ्हाणं संपलं का आणि होय कधी म्हणायचं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. त्या शांततेत हंसाबेन डोक्यावरचा पदर सावरत पुढं आल्या.

"एक मिनिट, एक मिनिट. बाबाजीभाई, क्या बोला? नोकरी गई? कब?"

"बेन, शूऽ, गाऱ्हाणं चालू है," कुणीतरी म्हणालं.

"अरे शूं शूं शूं करे छे! मेरे देवर का नवघर में स्टील के डिब्बे का गाला है. प्रेस पे कारीगर नहीं टिकता, हर संडे मेरे घर आके रोता है. दिवाली का माल अटका पड़ा है उसका. और ये भाई मेरे सिर के ऊपर दो माले पे रहते हैं!"

"पण बेन, पहिल्याच दिवशी दादांनी सांगितलं की हे," आशा म्हणाली. "सबके सामने बोला था."

"वो तो गाऱ्हाने में बोला!" हंसाबेन हात उडवून म्हणाल्या. "आशाबेन, गुस्सा मत करना. राघोभाई गाऱ्हाने में क्या बोलते हैं, मेरे को दस साल में एक शब्द समझा नहीं. सब बोलते हैं तो मैं भी बोलती हूं. मेरे को लगा मंत्र है."

आधी मिनल हसली. मग ढोलवाली पोरं. मग सगळा मांडव. राघो मात्र हसला नाही. दहा वर्षं तो घसा फोडून अख्ख्या बिल्डिंगची दुःखं सांगत होता आणि ती पहिल्या मजल्यापर्यंतही पोचली नव्हती. जिला देता येण्यासारखं होतं ती बाई दर आठवड्याला दळण आणून त्याच्या हातात देत होती. एकदा, फक्त एकदा, पट्टा थांबवून साध्या बोलीत विचारलं असतं तर?

आणि वर गाऱ्हाणं अर्धवट तुटलं होतं. देवाला मागितलेल्याचं उत्तर मधेच माणसानं दिलं होतं. गावी असतं तर वडिलांनी दंडाचा नारळ घ्यायला लावला असता. लोक राघोकडे बघायला लागले, आता हा रागावणार म्हणून. बाबाजी हात जोडून उभा होता, आणि ते हात देवाकडे धरावेत की हंसाबेनकडे हे त्याला ठरवता येत नव्हतं.

राघोनं हातातला नारळ देवासमोर ठेवला. मग तो चार पावलं मागं आला, लोकांमध्ये, बाबाजीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. या मांडवात दहा वर्षं तो पुढंच उभा राहिलेला होता. दुसऱ्याच्या मागण्याला होय म्हणायची वेळ इथं त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!"

मांडवातला प्रत्येक जण ओरडला, "व्हय म्हाराजा!" ढोलावर थाप पडली. राघोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"कल दस बजे," हंसाबेन गोंगाटात सांगत होत्या. "मैं खुद लेके जाऊंगी. रखेगा कि नहीं वो देवर जाने, लेकिन हाथ का काम देखेगा तो छोड़ेगा नहीं. जुनी पगारचिठ्ठी हो तो ले लेना."

"उद्या?" बाबाजी गडबडला. "उद्या तर माझं तिकीट..."

सुलूनं त्याच्याकडे बघितलं. पाच दिवसांत ती त्याच्याशी धड एक वाक्य बोलली नव्हती.

"मिनल," ती म्हणाली, "वर जा आणि बाबांच्या पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेव. निळा शर्ट बाहेर ठेव, इस्त्री करायचाय."

मिनल गणपती टेम्पोत चढेपर्यंतही थांबली नाही. दोन दोन पायऱ्या टाकत ती वर धावली.